दिवाळीत ‘इन’ की दिवाळीला ‘ऑन’? इंग्रजीतल्या वेळेच्या शब्दांचा घोळ

खमंग_काकडी

(इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहितेय. फोनवर दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, समजून घ्या.)

लेक चौथीत आहे. काल तिची वर्कशीट घरी आली. गाळलेली जागा होती: ‘वुई गो टू अवर व्हिलेज ___ दिवाळी’. तिने ‘इन’ लिहिलं होतं. त्यावर लाल फुली आणि शेजारी बाईंच्या अक्षरात ‘ऑन’. पोरीचं म्हणणं असं, "आई, आपण दिवाळीत जातो ना गावाला? मग ‘त’ म्हणजे इन." मला तिचं शंभर टक्के पटलं, तरी ‘इन दिवाळी’ कानाला बरं लागेना. ‘ऑन’ही पटेना, कारण आमची दिवाळी काही एका दिवसाची नाही. वसुबारसेला एसटीत बसतो ते भाऊबीज आटोपूनच परततो.

तिला काय सांगावं या विचारात माझी जुनी फजिती आठवली. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मराठी माध्यमात शिकले, इंग्रजी पाचवीपासून. पुण्यात पहिली नोकरी लागली ती इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाचे हिशेब बघणाऱ्या ऑफिसात. तिसऱ्याच आठवड्यात मी मेल टाकली: ‘वुई विल सेंड द रिपोर्ट्स अनटिल फ्रायडे’. मनात वाक्य होतं ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’. पलीकडून एका ओळीचं, अगदी सभ्य उत्तर आलं: शुक्रवारनंतर कोण पाठवणार? टीमलीडने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शुक्रवारी आपण दुकान बंद करतोय असं कळवलंयस तू त्यांना."

तेव्हापासून एक वही ठेवलीय. दहा-बारा वर्षांत त्यात जे साठलं त्यावरून माझं मत असं झालंय, की आपण ॲट-ऑन-इनचा तक्ता घोकत बसतो पण खरे खड्डे तिथे नाहीतच. त्या तक्त्याचं बरंचसं काम मराठीने आधीच करून ठेवलंय. आठ वाजता, पाच तारखेला, मे महिन्यात. तीन वेगळी शेपटं, तीन वेगळे इंग्रजी शब्द. आपण आपटतो ते जिथे मराठीत एकच शब्द आहे आणि इंग्रजीने त्याच्या दोन खोल्या पाडल्यात तिथे. ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘पूर्वी’.

तर दोन प्रश्न. दिवाळीचं काय करायचं? आणि तुम्ही कुठे कुठे आपटलात?

हेडमास्तर_निवृत्त

काकडीताई, मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं तोच तक्ता फळ्यावर काढून. मग एकदा एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. चहा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत बसलो. कॅलेंडर, त्यात दुधाचे खाडे पेन्सिलीने टिपलेले, आणि वर घड्याळ. सगळा धडा भिंतीवरच टांगलेला!

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं: काट्याचं टोक दाखवतं ते ॲट. ज्या चौकोनात दुधाचा खाडा मांडता येतो ते ऑन. आणि जे दाखवायला सबंध पानावरून हात फिरवावा लागतो किंवा पानं उलटावी लागतात, म्हणजे महिना, ऋतू, वर्ष, शतक, ते इन. खेड्यातल्या मुलांना ‘खाडा’ एका मिनिटात कळला. ‘मंडे’ला खाडा पडतो? पडतो. ऑन. ‘माय बर्थडे’ला? पडतो. ऑन. ‘मे’ला? एका चौकोनात मावत नाही, इन.

सकाळ-दुपारचं तेवढं सांभाळा. एरवी ‘इन द मॉर्निंग’, पण वार किंवा तारीख जोडली की चौकोन जिंकतो: ‘ऑन मंडे मॉर्निंग’, ‘ऑन द मॉर्निंग ऑफ द फिफ्थ’. मराठी इथे फार न्यायाने वागते. पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, सगळ्यांना एकच वागणूक. इंग्रजी मात्र पंक्तिप्रपंच करते. ‘ॲट डॉन’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नून’, ‘इन द आफ्टरनून’, ‘ॲट नाईट’.

आता तुमची दिवाळी. ‘ऑन दिवाळी’ म्हटलं की एक चौकोन, बहुधा लक्ष्मीपूजनाचा. सणाच्या अख्ख्या दिवसांसाठी इंग्रज लोक ‘ॲट’ वापरतात. ‘ॲट ख्रिसमस’ म्हणजे नाताळात, आणि ‘ऑन ख्रिसमस डे’ म्हणजे २५ डिसेंबरला. त्याच साच्यात ‘ॲट दिवाळी’ चालतं. कानाला परकं वाटत असेल तर सरळ ‘ड्यूरिंग दिवाळी’ म्हणा. ‘इन दिवाळी’ म्हणत नाहीत, पण ‘इन द दिवाळी हॉलिडेज’ अगदी बरोबर. म्हणजे लेकीचा ‘त’ चुकलेला नाही, तिला फक्त ‘सुट्टी’ हा शब्द हवा होता. बाईंचंही चूक म्हणणार नाही. प्रश्नच लंगडा आहे.

झोपाळू

मास्तर, रात्रीला ‘ॲट’ का? रात्र काय काट्याच्या टोकावर मावते?

हेडमास्तर_निवृत्त

मावत नाही. रूढी आहे, कारण विचारू नका. मी विचारून थकलो. मात्र ‘इन द नाईट’ही म्हणतात, रात्रीच्या पोटात मधेच काही घडलं की. ‘आय वोक अप इन द नाईट.’ नेहमीची रात्रपाळी ती ‘ॲट नाईट’.

झोपाळू

मग मी ‘ॲट नाईट’ झोपतो आणि ‘इन द नाईट’ डासांमुळे उठतो. कळलं.

मुक्ता_कोथरूड

+१ खाड्याला. आजच दूधवाल्याचा हिशेब केला, सहा खाडे.

माझी आपटण्याची जागा ‘पासून’. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य मी इतक्या मुलाखतींत ठोकलंय की विचारू नका. नियम माहीत होता हो! सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. पण बोलताना डोक्यात ‘पाच वर्षांपासून’ येतं आणि ‘पासून’ दिसला की तोंडातून ‘सिन्स’ गेलेलंच असतं.

खमंग_काकडी

मुक्ता, याच्यावर माझ्या वहीत एक खात्रीचा इलाज आहे. बोलण्याआधी मराठीतच वाक्य फिरवून बघायचं: ‘पाच वर्षांपासून’च्या जागी ‘गेली पाच वर्षं’ बसतं का? बसलं की ‘फॉर’. ‘गेले तीन महिने’, ‘गेला आठवडाभर’, सगळं ‘फॉर’. पण ‘सोमवारपासून’चं ‘गेला सोमवार’ केलं तर अर्थच बदलतो, ‘२०१९ पासून’चं ‘गेली २०१९’ होतच नाही. तिथे ‘सिन्स’. आम्ही ऑफिसात याला खुंटी आणि दोरी म्हणतो. सिन्सला भिंतीतली खुंटी लागते, फॉरला दोरीची लांबी.

दुसरी अर्धी चूक क्रियापदात असते, ती कुणी सांगत नाही. मराठीत ‘राहतोय’ म्हटलं की झालं, काम अजून चालू आहे. इंग्रजीला मात्र मागचा धागा आतापर्यंत ओढून आणावा लागतो: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘फॉर’ बरोबर लावून ‘आय ॲम वर्किंग’ म्हणणारेही खूप आहेत. मीही दमले की म्हणते.

म्युनिकची_माई

धागा वाचून हसतेय, कारण मी उलट्या दिशेने आले. इथे जर्मन शिकले तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपली भाषा! जर्मनमध्ये ‘झाइट’ एकच शब्द, ‘सोमवारपासून’लाही तोच आणि ‘दोन वर्षांपासून’लाही तोच. वर क्रियापद साध्या वर्तमानात. ‘इख वोने हिअर झाइट त्स्वाय यारेन’, मी इथे दोन वर्षांपासून राहते, शब्दाला शब्द. ‘पर्यंत’ला ‘बिस’: शुक्रवारपर्यंत देते आणि शुक्रवारपर्यंत सुट्टीवर आहे, दोन्हीला ‘बिस फ्रायटाग’. त्यामुळे इथले सहकारी इंग्रजी बोलताना काकडीसारखंच ‘अनटिल फ्रायडे’ लिहितात. आमच्या टीममध्ये मी आणि जर्मन लोक मिळून एकाच खड्ड्यात, आणि एकटा आयरिश माणूस काठावर उभा राहून विचारतो, नक्की काय म्हणायचंय?

आणखी गंमत. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्यातला तोच वार अभिप्रेत असतो, मोजले तर सातच दिवस भरतात. जर्मनमध्येही आठवड्याला ‘इन आख्ट टागेन’ म्हणतात. इंग्रजीत मात्र आठ म्हणजे आठ. मी एकदा लंडनच्या ऑफिसला सोमवारी लिहिलं, ‘लेट्स मीट आफ्टर एट डेज’. पुढचा सोमवार उजाडला, कॉलवर मी एकटीच. त्यांनी मंगळवार धरला होता. आता वार आणि तारीख दोन्ही टाकते.

घड्याळात मात्र जर्मनने मला गोत्यात आणलं. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात, आठच्या दिशेने अर्धं. इंग्रजांचं ‘हाफ एट’ म्हणजे साडेआठ. आपलं साडे-सव्वा-पावणे किती स्वच्छ आहे हे परदेशात आल्यावर कळतं.

उगाच_एक

रसभंग करतो. कोट्यवधी भारतीय ‘सिन्स टू इयर्स’ म्हणतात आणि कोट्यवधींना ते समजतं. मग चूक कुणाची? अमेरिकन लोक ‘ऑन द वीकेंड’ म्हणतात आणि इंग्रज ‘ॲट द वीकेंड’, त्यांना कुणी लाल फुली मारत नाही. ‘प्रीपोन’ला पूर्वी नाकं मुरडायचे, आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.

खमंग_काकडी

प्रीपोनच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, आणि ठामपणे. ‘मूव्ह द मीटिंग फॉरवर्ड बाय टू डेज’ म्हटलं की बुधवारची मीटिंग काहींच्या मते सोमवारी येते, काहींच्या मते शुक्रवारी जाते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही यावर दोन तट पडतात. प्रीपोनमध्ये ही भानगडच नाही. आपण त्यांना भेट दिलेला शब्द आहे तो.

‘सिन्स टू इयर्स’नेही कुणाचं नुकसान होत नाही. कानाला खटकतं, अर्थ पोचतो. ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘यस्टरडे नाईट’चं तेच. आज सकाळी आणि काल रात्री यांचं सरळ भाषांतर. ते लोक ‘धिस मॉर्निंग’ आणि ‘लास्ट नाईट’ म्हणतात, पण समजतात आपलं. ‘ऑन नेक्स्ट मंडे’चंही तेच. आपल्याला ‘पुढच्या सोमवारी’तला ‘ई’ सोडवत नाही म्हणून आपण ‘ऑन’ चिकटवतो. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांच्या आधी काहीच लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

पण ‘अनटिल’ आणि ‘बाय’ची अदलाबदल वेगळी आहे. तिथे खटकत नाही, अर्थच उलटतो. वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं आणि समोरचा शांतपणे भलतंच समजून बसतो. म्हणून लेकीच्या दिवाळीपेक्षा मला त्या शुक्रवारची काळजी जास्त वाटते.

कारकून_नंबर_दोन

मग ताई, ‘पर्यंत’चाही इलाज द्या वहीतला. आमच्याकडे रोज वर पत्रं पाठवायची असतात.

खमंग_काकडी

क्रियापदाकडे बघायचं, ‘पर्यंत’कडे नाही. काम एकदाच होऊन संपणारं आहे का? देणं, भरणं, पोचणं, पाठवणं, सही करणं. मग ‘बाय’. की काम सलग चालू राहणारं आहे? असणं, थांबणं, राहणं, चालणं, वाट बघणं. मग ‘अनटिल’ किंवा ‘टिल’.

मराठीत तपासायचं तर मधे ‘कधीही’ घालून बघा. ‘शुक्रवारपर्यंत कधीही पाठवतो’ हे नीट बसतं, म्हणून बाय. ‘शुक्रवारपर्यंत कधीही सुट्टीवर आहे’ हे विचित्र वाटतं, म्हणून अनटिल. ‘शुक्रवारपर्यंत सतत सुट्टीवर आहे’ चालतं ना? तेच.

नकारात मात्र जरा जपून. ‘ही वोंट कम अनटिल मंडे’ म्हणजे सोमवारी येईल, त्याआधी नाही. आपल्याकडे ‘सोमवारपर्यंत येणार नाही’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, "म्हणजे सोमवारी येणार ना?" आपल्याच भाषेत आपल्याला खात्री नसते.

काळा_डगला

वकिली पेशातून दोन शब्द. तुमच्या या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’वर आमचं पोट चालतं, म्हणून कायद्यानेच त्याचा निकाल लावून ठेवलाय. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, कलम ९: केंद्रीय कायद्यात ‘फ्रॉम’ म्हटलं की मोजायच्या दिवसांतला पहिला दिवस वगळायचा, ‘टू’ म्हटलं की शेवटचा दिवस धरायचा. कलम १० आणखी माणुसकीचं आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कचेरी बंद असेल तर पुढे ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात.

माहितीच्या अधिकाराचंच घ्या. २००५ च्या कायद्यात अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचं आहे, आणि प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांच्या आत. शब्द आहे ‘विदिन’. अर्ज १ जूनला पोचला तर १ जून सोडून मोजा, तिसावा दिवस १ जुलैला येतो. लोक इंग्रजी अपिलात लिहितात, ‘रिप्लाय शुड बी गिव्हन आफ्टर थर्टी डेज’. म्हणजे तीस दिवस झाल्याशिवाय देऊ नका, असं अर्जदारच सांगतोय!

‘बाय ३१ मार्च’मध्ये ३१ तारीख साधारण धरतात. तरी आम्ही करारात ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितो. कुणाला मागाहून फाटे फोडायला वाव नको.

मुक्ता_कोथरूड

‘आफ्टर’वरून आठवलं. ‘आय विल कॉल यू आफ्टर फाइव्ह मिनिट्स’ हेही आपलंच ना?

हेडमास्तर_निवृत्त

आपलंच. पण इथे मराठीची श्रीमंती बघा. ‘अर्ध्या तासाने येतो’ आणि ‘अर्ध्या तासात येतो’. पहिल्यात अर्धा तास जाऊ द्यायचा आहे, दुसऱ्यात अर्धा तास संपायच्या आधी दारात उभं राहायचंय. एका ‘ने’ आणि ‘त’चा फरक. इंग्रजीचं ‘इन हाफ ॲन अवर’ मुख्यतः पहिलं, म्हणजे ‘अर्ध्या तासाने’. ‘त’ ठासून सांगायचा असेल तर ‘विदिन’. आपण ‘तासाने’चं ‘आफ्टर’ करतो, पण आत्तापासून पुढे मोजताना ते ‘इन’ म्हणतात. ‘आफ्टर’ शोभतो गोष्ट सांगताना: ‘आफ्टर टू डेज ही केम बॅक’.

मात्र ‘ही फिनिश्ड द वर्क इन टू अवर्स’ म्हणजे दोन तासांत संपवलं. तिथे ‘इन’ पुन्हा ‘त’ होतो. शेवटी संदर्भच बघावा लागतो.

झोपाळू

आमचा प्लंबर ‘दहा मिनिटांत पोचतो’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. त्याला कुठला शब्द लावायचा?

मुक्ता_कोथरूड

‘सम डे’.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, एक मुद्दा राहून गेला. ‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’. हा फरक मराठीत जसाच्या तसा आहे. ‘वेळेत पोचलो’ म्हणजे उशीर होण्याआधी पोचलो, गाडी मिळाली, ‘इन टाइम’. ‘वेळेवर पोचलो’ म्हणजे ठरल्या ठोक्याला, ‘ऑन टाइम’. त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन. पाठ करायचं कामच नाही.

पण हे पुण्या-मुंबईच्या मराठीत. आमच्या इकडे ‘वेळेवर’ म्हणजे ऐनवेळी! ‘त्यानं मले वेळेवर सांगतलं’ म्हणजे अगदी शेवटच्या घडीला सांगितलं, अन् ही तक्रार असते. सभेच्या नोटिशीत शेवटी ‘वेळेवर येणारे विषय’ असतात ना, तो हाच ‘वेळेवर’. माझ्या पुण्याच्या साहेबाले मी फोनवर म्हणालो, "साहेब, पार्टीनं वेळेवर कागद दिले." साहेब म्हणे, "अरे वा, छान!" छान कशाचं बाप्पा, ऑफिस बंद व्हायला पाच मिनिटं होती!

खमंग_काकडी

हे वहीत टिपलं, ठेचादादा. ‘वेळेवर’चे दोन अर्थ मला आजवर माहीतच नव्हते, आणि आमच्या टीममध्ये तिघं अकोल्याचे आहेत. आता काही जुन्या मेल नव्याने वाचाव्या लागतील.

रातराणी_एक्सप्रेस

माझी गाडी चुकल्याची गोष्ट इथे बसते का बघा. मावसभावाने बंगळुरूहून माझं तिकीट काढलं. इंग्रजीत मेसेज केला, ‘युवर ट्रेन इज ऑन फिफ्टीन्थ नाईट, ट्वेल्व्ह ट्वेंटी’. मी १५ तारखेला दिवसभर बॅग भरली, आईच्या हातचं पिठलं-भात खाल्लं, रात्री साडेअकराला स्टेशनवर. तिकिटावर वेळ होती ००.२०. म्हणजे गाडी १४ आणि १५च्या मधल्या रात्रीच निघून गेली होती. मी तेवीस तास उशिरा पोचून पाऊण तास लवकर आल्याच्या आनंदात फलाटावर चहा पीत होते.

हेडमास्तर_निवृत्त

यात तुमचा दोष कमी. पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, त्यामुळे रात्री बारा-वीस आपल्या मनात आदल्याच दिवसाची असते. रेल्वेचा आणि इंग्रजी तारखेचा चौकोन मात्र मध्यरात्री बदलतो. मध्यरात्रीनंतरच्या वेळेला ‘ऑन फिफ्टीन्थ नाईट’ कधी लिहू नये. ‘००.२० ऑन द फिफ्टीन्थ’ लिहावं आणि खाली मराठीत ‘१४ला रात्री जेवून निघायचं’.

काळा_डगला

आणि ‘ट्वेल्व्ह ए.एम.’ही नको. अर्ध्या लोकांना ती दुपार वाटते. एक मिनिट पुढेमागे करा: २३.५९ किंवा ००.०१.

न्यूजर्सी_नंदू

उशिरा आलो धाग्यावर. अमेरिकेतला एक कामाचा शब्द सांगतो, ‘थ्रू’. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार धरूनच, शंकेला जागा नाही. ‘आय ॲम ऑन लीव्ह थ्रू मंडे’ म्हणजे सोमवारसुद्धा सुट्टी. ‘टिल मंडे’मध्ये सोमवार आत की बाहेर यावर इथेही वाद होतो. इंग्लंडच्या लोकांना ‘थ्रू’ अमेरिकन वाटतो, त्यामुळे काकडीच्या गिऱ्हाइकाला नको.

इथे आल्यावर माझी मोडलेली सवय म्हणजे ‘बिफोर टू इयर्स’. ‘दोन वर्षांपूर्वी’चं थेट भाषांतर. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर ‘टू इयर्स अगो’, आणि ‘अगो’ शेवटी येतो, आपल्या ‘पूर्वी’सारखा. ‘बिफोर’ हवा असेल तर कशाच्या आधी ते सांगावं लागतं: ‘बिफोर द वेडिंग’. बायको अजून ‘टू इयर्स बॅक’ म्हणते. चालतं.

मुक्ता_कोथरूड

आणि ‘बिटवीन १ टू ४ क्लोज्ड’? पुण्यातल्या दुकानांचं काय करायचं?

न्यूजर्सी_नंदू

‘बिटवीन’ला ‘अँड’, ‘फ्रॉम’ला ‘टू’. पण त्या पाटीवर इंग्रजी दुरुस्त करायला गेलात तर दुकान ४ नंतरही उघडायचं नाही.

खमंग_काकडी

सगळ्यांचे आभार. लेकीला रात्री कॅलेंडरसमोर उभं केलं आणि खाड्याचा धडा दिला. तिने वसुबारस ते भाऊबीज चौकोनांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दिवाळीत इतके खाडे?" म्हटलं हो, आपण गावी असतो ना, दूध बंद असतं. मग तिने स्वतःच वहीत लिहिलं: ‘वुई गो टू अवर व्हिलेज इन द दिवाळी हॉलिडेज. ऑन भाऊबीज आय गिव्ह माय ब्रदर अ पेन’. बाईंना दाखवणार म्हणतेय. मी मध्ये पडणार नाही.

जाता जाता, परवापासून माझीही सुट्टी आहे. ऑफिसला टाकायची मेल तुमच्यासमोर तपासायला ठेवते, म्हणजे यावेळी कुणी दुकान बंद झालं म्हणायला नको:

‘आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम थर्सडे अनटिल मंडे, मंडे इन्क्लुडेड. आय विल बी बॅक ॲट नाइन इन द मॉर्निंग ऑन ट्यूसडे, द ट्वेंटी-फोर्थ. द रिपोर्ट्स विल रीच यू बाय वेन्सडे.’

हेडमास्तर_निवृत्त

दहापैकी दहा. ‘बाय’ बघून डोळे निवले.

काळा_डगला

‘मंडे इन्क्लुडेड’ उत्तम. माझ्या हाताखाली काम करणार का?

कारकून_नंबर_दोन

ताई, मेल पाठवली नसेल तर थांबा. २४ला बुधवार आहे.